एकट्याचें सोंग आणि मेळ्याचा बाजार

संगणकावरील खेळांविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, हे सारे खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय होय. त्यांत डावें-उजवें करण्यासारखें कांहीं नाहीं. ह्या मताशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. एके काळीं हेंच मत कादंबरीविषयीं व त्यानंतर बोलपटाविषयीं तितक्याच ठामपणें मांडलें जात असे, आणि ज्यांनीं तें मांडलें त्यांचींच नातवंडें पुढें कादंबऱ्यांवर प्रबंध लिहून पंडित झालीं. दुसरें मत अधिक सभ्य आहे व म्हणूनच अधिक फसवें आहे. तें असें कीं, मुलांना खेळायचेंच असेल तर त्यांनीं निदान चारचौघांत मिळून खेळावें. एकट्यानें खोलींत बसून काल्पनिक राज्यांत भटकणें हा माणूसघाणेपणा, आणि त्याच खोलींत बसून, त्याच काल्पनिक राज्यांत, परंतु देशोदेशींच्या हजारों अनोळखी माणसांसह भटकणें ही मात्र सामाजिकता! ह्या दुसऱ्या मताचा समाचार घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम वादाचा विषय नीट आंखून घेऊं. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें ज्यांवर कायद्यानें बंदी घातली, ते पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ येथें आमच्यासमोर नाहींत. तो जुगार आहे, आणि जुगाराला खेळ म्हणणें हा खेळ ह्या शब्दाचा अपमान आहे. मोबाइलवर बंदुका घेऊन पांच-पंचवीस मिनिटांत उरकण्याच्या लढायाही आम्ही बाजूला ठेवतों. त्या आट्यापाट्यांच्या जातीच्या आहेत, आणि आट्यापाट्या एकट्यानें खेळतां येत नाहींत हें कोणी सांगावयास नको. आमचा विषय आहे भूमिका घेऊन खेळण्याचा खेळ, ज्याला मुलें 'आरपीजी' म्हणतात तो. ह्यांत खेळणारा एका कल्पित माणसाचें सोंग घेतो, त्याचें नांव, कुळ व धंदा ठरवितो, आणि महिनोन्‌महिने त्या माणसाच्या पायांनीं एका कल्पित देशांत हिंडतो. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हां तो चार-सहा मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसून तोंडानें खेळण्याचा खेळ होता. पुढें तो संगणकांत शिरला व त्याला दोन फांटे फुटले. एक फांटा एकट्याचा: रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा'पासून (१९८१) 'द विचर ३' (२०१५) व 'डिस्को एलिसियम' (२०१९) ह्यांच्यापर्यंत येणारा. दुसरा मेळ्याचा: इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्यांनीं १९७८ पासून रचलेल्या 'मड'पासून निघून 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) व 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) ह्यांच्यापर्यंत येणारा. ह्या दोहोंपैकीं माणसाच्या मनाला अधिक देणारा कोणता, एवढाच प्रश्न आहे.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडावी व मग ती खोडावी हा मार्ग सोपा खरा. पण तो प्रामाणिक नव्हे. म्हणून मेळ्याच्या खेळांचें आकर्षण किती मोठें आहे तें आधीं कबूल करूं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे वर्गणीदार २०१० मध्यें १ कोटी २० लाखांवर गेले होते. त्याच्या आरंभींच्या काळांत 'मोल्टन कोअर' नांवाच्या गुहेंत उतरावयाचें तर ४० माणसें एका वेळीं, एका शिस्तीनें, एकमेकांवर विसंबून लढावीं लागत. कोणी ढाल व्हावयाचें, कोणी जखमा भरावयाच्या, कोणी घाव घालावयाचा, आणि एकाची चूक झाली तर उरलेल्या ३९ जणांची रात्र फुकट. ज्यानें गणेशोत्सवाचा मांडव उभारण्यांत हात घातला आहे त्याला ह्या आनंदाची जात सांगावयास नको.

आणि मॅट्स स्टीनची गोष्ट तर प्रतिपक्षाचें ब्रह्मास्त्रच आहे. नॉर्वेंतील हा तरुण स्नायू झिजविणाऱ्या असाध्य रोगानें खुर्चीला खिळलेला होता, आणि २०१४ सालीं पंचविसाव्या वर्षीं वारला. आपला मुलगा एकाकी जगला व एकाकी गेला, असें आईबापांस वाटत होतें. त्यांनीं त्याच्या मृत्यूची बातमी त्याच्याच नोंदवहीवर इंटरनेटवर दिली, आणि परदेशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. 'इबेलिन' ह्या नांवानें तो वॉरक्राफ्टच्या जगांत वर्षानुवर्षें वावरला होता, कित्येकांचा जिवलग झाला होता. त्यांतले कांहीं जण त्याच्या अंत्यविधीस परदेशांहून आले. २०२४ मध्यें त्याच्यावर निघालेला माहितीपट ज्यानें कोरड्या डोळ्यांनीं पाहिला असेल त्याच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. ह्या गोष्टीकडे आम्ही पुन्हां येऊं. कारण ती प्रतिपक्षाला वाटते तितकी त्याच्या बाजूची नाहीं.

आतां घरचें उदाहरण. आमचा एक भाचा पुण्यास शिकावयास आमच्या घरीं होता. २०२० च्या टाळेबंदींत महाविद्यालय बंद, मित्र आपापल्या घरीं अडकलेले. तेव्हां अशाच एका मेळ्याच्या खेळानें त्याला तगवलें हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि त्याबद्दल त्या खेळाचे आम्ही ऋणीच आहों. पण टाळेबंदी उठली तरी खेळ उठेना. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळीं आरतीला सारें घर उभें, आणि हा खोलींतून ओरडतो, "मामी, पंधरा मिनिटं! पंचवीस माणसं खोळंबली आहेत." आरती झाली, प्रसाद वाटला गेला, तरी पंधरा मिनिटें संपलीं नव्हतीं. त्या रात्रीं आम्हीं त्याला रागावलों नाहीं, नुसतें विचारलें, "हीं पंचवीस माणसं कोण?" तो म्हणाला, "दोघं-तिघं ओळखीची आहेत. बाकीची दर आठवड्याला बदलतात." मग विचारलें, "बरं, आणि तूं त्या देशांत कोण आहेस?" त्यानें मोठ्या उत्साहानें आपली पायरी, चिलखताचा दर्जा व तलवारीचे आंकडे सांगितले. "तें कळलं, पण माणूस कसा आहेस?" ह्यावर तो आमच्याकडे असा पाहत राहिला, कीं जणूं आम्ही एखाद्या बँकेच्या पासबुकाला त्याचा स्वभाव विचारीत होतों!

ह्या उत्तरांतच सारा वाद सामावला आहे. खेळाचें नांव भूमिकेचा खेळ. आणि भूमिका तेवढी त्यांत नाहीं. हा दोष त्या मुलाचा नव्हे. बार्टलनें १९९६ सालीं अशा खेळांतील माणसांचें जें प्रसिद्ध वर्गीकरण केलें, त्यांत चार वर्ग आहेत: मिळकत वाढविणारे, मुलूख शोधणारे, संगतीसाठीं येणारे, आणि दुसऱ्यास छळण्यांत सुख मानणारे. भूमिकेसाठीं येणारा असा स्वतंत्र वर्ग त्यांत नाहीं. सोंग हें संगतीचें निमित्त म्हणूनच काय तें येतें. वॉरक्राफ्टच्या चालकांना तर मनापासून सोंग वठवूं इच्छिणाऱ्यांसाठीं वेगळे सर्व्हर राखून ठेवावे लागले. नाट्यगृहांत ज्यांना नाटक करावयाचें आहे त्यांच्यासाठीं मागच्या बाजूस एक खोली वेगळी काढावी, अशांतलाच हा प्रकार होय.

असें कां व्हावें? कारण एकच: मेळ्याचें जग सर्वांचें असल्यामुळें तें कोणा एकासाठीं बदलूं शकत नाहीं. राजा तुम्हांस सांगतो, "वीरा, ह्या राज्याचा उद्धार तुझ्या एकट्याच्या हातीं आहे." तेंच तो तुमच्या मागें रांगेंत उभ्या असलेल्या शंभर वीरांनाही सांगतो. तुम्ही प्राण पणाला लावून राक्षस मारतां, आणि कांहीं वेळानें तो पुन्हां उठून बसतो. न उठला तर पुढच्या गिऱ्हाइकानें काय मारावें? जेथें मेलेला मरत नाहीं व जाळलेलें गांव जळत नाहीं, तेथें कृत्याला परिणाम नाहीं. जेथें परिणाम नाहीं तेथें निवड नाहीं. आणि जेथें निवड नाहीं तेथें स्वभाव नाहीं. मग उरतात ते आंकडे. ते मात्र खरोखर वाढतात, आणि रोज थोडे थोडे वाढतील अशी व्यवस्था दुकानदारानें मोठ्या कौशल्यानें केलेली असते.

ह्या दोन फांट्यांची खरी परीक्षा एकाच ग्रंथकारानें, एकाच कल्पित देशांत करून दाखविली आहे. तो ग्रंथकार म्हणजे वर सांगितलेला गॅरियट. १९८५ मध्यें त्यानें 'अल्टिमा'चा चौथा भाग काढला. त्या खेळांत वध करण्याजोगा कोणी महाराक्षस शेवटीं वाट पाहत बसलेला नाहीं. आठ सद्‌गुण अंगीं बाणवणें हेंच त्यांतलें साध्य. तेथें औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते, आणि तिच्या हातावर किती नाणीं ठेवावयाचीं तें तुम्ही ठरवितां. कमी दिलींत तरी तिला दिसत नाहीं. ती तुम्हांस माल देते व निरोप देते. पण खेळ त्याची गुपचूप नोंद ठेवतो, आणि पुष्कळ पुढें गेल्यावर, आपण ज्या पदाच्या शोधांत आहों तें आपल्याला कां मिळत नाहीं, ह्याचा विचार करतां करतां ती आंधळी बाई आठवते. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना हा अनुभव यंत्रानें दिला, एकांतांत दिला, आणि उपदेशाचा एक शब्द न बोलतां दिला.

बारा वर्षांनीं, सप्टेंबर १९९७ मध्यें, त्याच ब्रिटानिया देशाचे दरवाजे 'अल्टिमा ऑनलाइन'च्या रूपानें हजारों माणसांस एकदम उघडे झाले. त्याच सद्‌गुणांचीं मंदिरें, तींच नगरें, तोच राजा लॉर्ड ब्रिटिश; आणि राजाचें सोंग खुद्द गॅरियटनें घेतलेलें. खेळ खुला होण्यापूर्वींच, ९ ऑगस्ट १९९७ रोजीं, चाचणीच्या दिवसांत एका खेळाडूनें आगीचा मंत्र टाकून ह्या राजाचाच वध केला! पुढें तर नगराच्या वेशीबाहेर पाऊल टाकणाऱ्या नवख्याला लुटून मारणें हा कित्येकांचा नित्याचा उद्योग झाला. अखेर २००० सालीं चालकांना त्या देशाच्या दोन प्रती कराव्या लागल्या: एकींत पूर्वींचीच मोकळीक, दुसरींत संमतीवांचून कोणी कोणास मारूं शकणार नाहीं असा बंदोबस्त. सद्‌गुणांच्या देशांत सद्‌गुण शेवटीं यंत्राच्या कुलपानें आणावा लागला.

येथें प्रतिपक्ष म्हणेल, कीं हाच तर मेळ्याचा मोठेपणा. आंधळी बाई ही चार ओळींची आज्ञावली. तिला फसविण्यांत पाप नाहीं व न फसविण्यांत पुण्य नाहीं. खऱ्या माणसाला न लुटणें हाच खरा सद्‌गुण. आक्षेप वजनदार आहे, पण तो लागूं करावयाचा तर कादंबरीलाही लागूं करावा लागेल. कादंबरींतील विधवेच्या दुःखानें डोळे भरून येणें हें कोणत्याही खऱ्या विधवेला घांसभर अन्न घालीत नाहीं. म्हणून तें व्यर्थ काय? ती मनाची तालीम आहे. तालमींत घुमविलेल्या जोडीनें कोणा शत्रूचें डोकें फुटत नाहीं, तरी दंड त्याच जोडीनें भरतो. एकट्याच्या खेळांत कोणी पाहत नसतें, कोणी वाहवा करीत नसतें, कोणी घाईही करीत नसतें. तेथें आपण जें करतों तें आपलें असतें. लौकिक, लज्जा व ईर्ष्या हीं तिन्हीं बाजूला सरल्यावर माणूस स्वतःला कसा दिसतो, हें पाहण्याची सोय ह्या धकाधकीच्या काळांत फारशी उरलेली नाहीं.

दुसरा आक्षेप सोंगाचा. सोंगाला प्रेक्षक लागतो. बहुरूपी निर्जन रानांत पोलिसाचा वेष घेऊन हिंडत नाहीं. हें खरें. पण बहुरूप्यासमोरचा गांवही त्या सोंगाला मान देतो. पांच मिनिटें का होईना, तो पोलिसाला पोलिस मानतो. मेळ्याच्या खेळांत आपण राजदूताच्या गंभीर वाणीनें बोलावें आणि शेजाऱ्यानें "चला, आटपा, पुढची गुहा" म्हणून खेंकसावें! प्रेक्षक आहेत, पण ते आपापलीं कामें उरकण्यासाठीं आलेले आहेत. रंगमंचावर हजार माणसें चढलीं आणि प्रेक्षागृह रिकामें राहिलें, तर त्याला नाटक म्हणत नाहींत. त्याला बाजार म्हणतात.

बरें, त्या बाजारांत निदान संगत तरी निरपवाद मिळते काय? २००६ सालीं डुशनो, यी प्रभृति संशोधकांनीं वॉरक्राफ्टमधील खेळाडूंचें निरीक्षण करून लिहिलेल्या निबंधाचें नांवच मुळीं 'अलोन टुगेदर?' असें होतें. पुष्कळसे खेळाडू पुष्कळसा वेळ एकटेच खेळतात. भोंवतालची गर्दी त्यांना सोबती म्हणून कमी व देखावा म्हणून अधिक हवी असते, असें त्यांस आढळलें. आणि अलीकडे तर चालकांनींच ही गोष्ट उघडपणें पत्करली आहे. 'फायनल फँटसी १४' ह्या मेळ्याच्या खेळांत २०२२ पासून कथेच्या आरंभभागांतील गुहाही खऱ्या माणसांऐवजीं यांत्रिक सोबती घेऊन पार करण्याची सोय वाढविण्यांत आली. वॉरक्राफ्टमध्यें तशीच सोय २०२४ मध्यें झाली. म्हणजे लक्षावधि माणसांच्या मेळ्यांत शिरावयाचें, आणि तेथें चार बाहुलीं बरोबर घेऊन एकट्यानेंच हिंडावयाचें. ह्याहून एकट्याचा खेळ काय वाईट होता? निदान तो दरमहा वर्गणी मागत नव्हता.

वर्गणीचा मुद्दा क्षुल्लक नव्हे. आमच्या मतें तोच सर्वांत गंभीर आहे. मेळ्याचें जग हें भाड्याचें जग आहे. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' १५ डिसेंबर २०११ रोजीं बंद झाला; 'सिटी ऑफ हीरोज' ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं. माणसांनीं आठ-आठ वर्षें ज्या चौकांत मित्र जोडले, ते चौक एका रात्रींत नाहींसे झाले. जें जग बंद झालें नाहीं तेंही मालकाच्या मर्जीनें पालटलें: वॉरक्राफ्टचा जुना मुलूख २०१० मध्यें नव्यानें रचण्यांत आला, आणि ज्यांना जुना हवा होता त्यांनीं स्वखर्चानें चालविलेला एक मोठा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्यें कायद्याच्या धाकानें बंद पडला. पुढें २०१९ मध्यें मालकानेंच जुना खेळ पुन्हां विकावयास काढला, आणि 'सिटी ऑफ हीरोज' चालविणाऱ्या चाहत्यांना २०२४ मध्यें परवानगी मिळाली, हें मान्य. पण भाडेकरूला घरांत पुन्हां घेतलें म्हणून तो घरमालक होत नाहीं. उलट १९८५ चा अल्टिमा आजही जसाच्या तसा खेळतां येतो. आंधळी बाई अजून त्याच दुकानांत बसली आहे. हल्लीं एकट्याचे कांहीं खेळही इंटरनेटच्या परवानगीवांचून उघडत नाहींत, हा दोष आहेच. पण तो दुकानदारीचा, त्या कलाप्रकाराचा नव्हे.

आतां मॅट्स स्टीनकडे वळूं. त्याला मित्र मिळाले ते १ कोटी २० लाखांच्या गर्दींतून नव्हे; 'स्टारलाइट' नांवाच्या एका लहान मंडळांतून मिळाले. तें मंडळ सोंग मनापासून वठविणाऱ्यांसाठीं राखलेल्या सर्व्हरवरचें होतें. इबेलिन हा तेथें आंकड्यांचा गठ्ठा नव्हता. तो रोज फेरफटका मारणारा, दुसऱ्याचें दुःख ऐकून घेणारा एक माणूस होता. त्या मंडळाजवळ त्याच्या संभाषणांच्या नोंदी राहिल्या होत्या म्हणूनच पुढें त्याचें चरित्र पडद्यावर उभें करतां आलें. म्हणजे त्या जगांत जें थोर घडलें, तें बाजाराच्या ओघाविरुद्ध, मूठभर माणसांनीं सोंग व स्नेह दोन्ही जपल्यामुळें घडलें. जेथें अशीं दहा-वीस माणसें आहेत तेथें आमचा सारा आक्षेप आम्ही मागें घेतों. तो खेळ पुन्हां १९७४ च्या त्या टेबलाभोंवतीं येऊन बसला आहे, इतकेंच.

एकट्याचे सारेच खेळ थोर, असेंही आमचें म्हणणें नाहीं. खेळणाऱ्याला 'तूंच तारणहार' म्हणून गोंजारणारे पोकळ खेळ त्यांतही रगड आहेत, आणि एकांताचें व्यसन मेळ्याच्या व्यसनाइतकेंच घातक होऊं शकतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एकांत हा दोष समजून मुलांना गर्दींत लोटणाऱ्या आईबापांनीं क्षणभर थांबावें. हींच आईबापें मुलानें एकट्यानें कोपऱ्यांत बसून कादंबरी वाचली तर पाहुण्यांपुढें त्याचें कौतुक करतात!

त्या भाच्याचें पुढें काय झालें तें सांगून आटोपतों. परीक्षेनंतरच्या सुटींत त्यानें 'द विचर ३' घेतला. पोलिश लेखक आंद्रझेय सापकोव्स्की ह्यांच्या कथांवरून रचलेला हा एकट्याचा खेळ. एके रात्रीं बाराच्या सुमारास तो गॅलरींत येऊन आमच्या शेजारीं उभा राहिला. बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, मी एका झाडांत कोंडलेल्या पिशाचाला सोडलं. मुलं वांचावीत म्हणून सोडलं. मुलं वांचली; पण त्यानं सगळं खेडं मारलं, आणि एक बाई होती, तीही गेली." आम्ही म्हणालों, "मग मागें जाऊन दुसरी वाट घे." तो म्हणाला, "घेतां येईल. पण मग मुलं मरतात." आणि थोडें थांबून, "मी नक्की काय करायला हवं होतं?"

आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. पण दोन वर्षांत त्या खोलींतून आंकडा नसलेलें एक वाक्य प्रथमच बाहेर आलें होतें, आणि तें घेऊन तो माणसांत आला होता. ज्याला पंचवीस जणांनीं आरतीला येऊं दिलें नाहीं, त्याला एकांतानें आमच्या शेजारीं आणून उभें केलें. मुलें किती तास खेळतात हें आईबापांनीं जरूर मोजावें. पण त्याबरोबर एकदां हेंही विचारून पाहावें, कीं बाळा, आज तूं तेथें कोण होतास? उत्तरादाखल आंकडा आला, तर त्या खेळांत कितीही माणसें असोत, मूल एकटें आहे असें समजावें.